चौऱ्याण्णव पॉइंट शून्य

ऑफिसात त्याला सगळे पॉइंटराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. बस किती उशिरा आली असं विचारलं, तर हा गृहस्थ "सात पॉइंट पाच मिनिटं" असं सांगायचा, आणि तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. आवाज मोजणं हा त्याचा धंदा. कारखान्याचे पंखे, गच्चीवरचे जनरेटर, भिंतीपलीकडची सुताराची करवत, कुठूनही तक्रार आली की पॉइंटराव काळी पेटी उचलून निघणार, स्टँडवर माइक चढवणार आणि तासा-दोन तासांनी एक आकडा घेऊन परत येणार. त्या आकड्यावर कुणाचं यंत्र बंद पडायचं, तर कुणाची तक्रार निकालात निघायची. सव्वीस वर्षांत त्याचा आकडा कुणी खोटा पाडला नव्हता. याची त्याला चांगलीच घमेंड होती, फक्त ती तो दाखवत नसे.

माइक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हातात धरून बोलायची वस्तू येते. मोजणीचा माइक तसा नसतो. पुढं बोटाच्या पेरापेक्षाही छोटी चपटी टोपी असते आणि तिच्या आत केसाहून पातळ पडदा. आवाजानं तो पडदा थरथरला की विजेचा एक अंश तयार होतो, पण तो इतका दुबळा, की तसाच तारेत सोडला तर वाटेतच जिरून जाईल. म्हणून टोपीच्या मागं लगेच अंगठ्याएवढ्या जाडीची स्टीलची नळी बसवतात. तिला प्रीॲम्प म्हणतात. तो दुबळा अंश अलगद उचलायचा, त्यातलं आपण काही खायचं नाही आणि मीटरपर्यंत सुखरूप पोचवायचा, एवढंच तिचं काम. नळीच्या तोंडाशी मधोमध सोनेरी टाचणी असते आणि टाचणीभोवती पांढरी चकती. त्या चकतीला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल आणि हवेतली ओल एकत्र आली की तिच्यावरून वीज पाझरायला लागते. नोकरीवर नवीन आलेल्याला पॉइंटराव पहिल्या दिवशी हेच सांगायचा. "बायकोला उलट बोललात तर एक वेळ निभावेल," तो म्हणायचा, "इथं बोट लावलंत तर नाही निभावणार."

आणि असल्या माणसानं नेमकं तेच केलं, तेही आपल्या सख्ख्या बहिणीच्या घरात.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता. त्याची शाळेची बटणं लावण्यापासून नोकरीच्या अर्जावर तिकीट चिकटवण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं कानाला हेडफोन. तिकडं तिचं मोठं नाव होतं, कारण लाइन कुठं बिघडली आहे हे ती नुसतं ऐकून सांगायची. ही तुटकी, ही सैल, ही ओली. ओल्या लाइनची घरघर वेगळी असते म्हणायची. लाइनमन आधी हसायचे, मग खड्डा खणायचे आणि मग गप्प बसायचे.

भावजी गेल्यावर ती आपल्या तळमजल्याच्या दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहत होती. घर दोघांनी पै-पै साठवून बांधलेलं. मागच्या खोलीच्या खिडकीखाली तिचं शिवणयंत्र होतं आणि तिचा सगळा दिवस तिथंच जायचा. मग मागच्या गल्लीत एक शीतगृह उभं राहिलं, आणि चार महिन्यांनी ताई म्हणायला लागली की आवाज येतो.

"कसला आवाज?" पॉइंटरावनं फोनवर विचारलं.

"घुमल्यासारखा. अगदी खालचा सूर आहे. कानापेक्षा पोटात जास्त कळतो."

शेजाऱ्यांना काही ऐकू येत नव्हतं. भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीलाही नाही. भाची आईला घर विकून आपल्याकडं चल म्हणून दोन वर्षं मागं लागली होती. तिला वाटलं, आई एकटी पडलीये, त्यातून हे भास सुरू झालेत. तिनं तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. ताई भडकली नाही. ती एवढंच म्हणाली, "माझा भाऊ येऊन मोजेल. तो सांगेल ते मी मानीन." आणि मग त्याला फोन केला, "सोन्या, ये बाबा एकदा. तू बोललास की माझ्याही मनाचं समाधान होईल."

तो रविवारी सकाळी गेला. गेला खरा, पण कपाळाला आठ्या घालून. घरच्या कामासाठी ऑफिसचं यंत्र मागावं लागलं होतं आणि साहेबांनी "काय पॉइंटराव, धंदा काढला का बाजूला" असा चिमटा काढला होता. ताईनं आल्या आल्या लोणी लावलेला पाव पुढं केला. तो त्यानं उभ्या उभ्याच खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि खिडकीपाशी स्टँड मांडला. यंत्रातून बारीक तडतड येत होती, म्हणून त्यानं टोपी उघडून पाहिली. पांढऱ्या चकतीवर कापडाचा एक तंतू चिकटला होता. शिवणयंत्राशेजारी दुसरं काय असणार? तंतू झटकायचा मऊ ब्रश पेटीत नव्हता, तो ऑफिसात राहिला होता. ऑफिस तासाभरावर. त्यानं करंगळीनं तो तंतू उडवला. एकदाच, अगदी अलगद.

मग नेहमीसारखा त्यानं माइकवर कॅलिब्रेटर चढवला. हे मुठीत मावणारं एक यंत्र असतं, आणि ते नेहमी एकाच सुराची, एकाच मापाची म्हणजे चौऱ्याण्णव डेसिबलची शिट्टी वाजवतं. मीटरनं तेवढाच आकडा दाखवला तर सगळं ठीक. मीटरनं दाखवलं चौऱ्याण्णव पॉइंट शून्य. पॉइंटरावचं मन निर्धास्त झालं.

दीड तास त्यानं मोजलं. मीटर आवाजाचे पट्टे पाडून दाखवतो, खालच्या सुरांपासून वरच्यांपर्यंत. ताई ज्या जागी कळतं म्हणत होती तिथं, पन्नास हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांच्या पट्ट्यात, थोडा उंचवटा होता, पण मर्यादेच्या आत. भाचीही तोवर येऊन दारात उभी राहिली होती.

"ताई, मर्यादेच्या आत आहे. दोन पॉइंट एकनं आत."

"पण मला येतो ना रे. आत्तासुद्धा येतोय."

"यंत्राला नाही येत त्रास होण्याइतका."

"यंत्र चुकत नाही का कधी?"

इथं त्याला राग आला. सव्वीस वर्षांचा आकडा, आणि त्यावर शंका घेणारी कोण, तर घरचीच. तो म्हणाला, "यंत्र चुकत नाही, ताई. माणसाचं डोकं चुकतं. आता काय समजायचं ते तूच समज."

हे वाक्य तो नंतर कितीतरी वेळा मनात उलटंसुलटं करून बघणार होता. कुठूनही बघितलं तरी ते तसंच होतं. ताईनं मीटरवरच्या आकड्याकडं बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि त्यानं पाव खाल्लेली बशी उचलून आत गेली. त्यानंतर तिनं आवाजाचा विषय परत काढला नाही. भाचीनं तिला डॉक्टरकडं नेलं, डॉक्टरनं झोपेची आणि मन शांत राहण्याची गोळी दिली, आणि तीन महिन्यांत घर विकलं गेलं. शिवणयंत्रही. भाचीच्या फ्लॅटमध्ये त्याला जागा नव्हती. पॉइंटरावला तेव्हा वाटलं, चला, एका बैठकीत मार्गी लागलं सगळं. भाचीनं तर त्याचे आभार मानले.

दहा महिन्यांनी यंत्राची वार्षिक तपासणी आली. तपासणीच्या लॅबमध्ये एक बाई होत्या. फार कमी बोलायच्या, आणि फोन तर अजिबात करायच्या नाहीत. त्यांचाच फोन आला तेव्हा पॉइंटरावनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुमचा प्रीॲम्प खालच्या सुरांना पडलाय," त्या म्हणाल्या. "हजार हर्ट्झला चोख आहे. शंभरच्या खाली उतरला की घसरतो. पन्नासला सहा पॉइंट चार डेसिबल कमी."

"असं कसं होईल? मी प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावतो. चौऱ्याण्णव पॉइंट शून्य येतं."

"येणारच. कॅलिब्रेटर हजारलाच वाजतो. खाली काय गळतंय ते त्याला कुठं कळतं?" मग त्या म्हणाल्या, "चकतीवर बोट लागलंय कुणाचं तरी. डाग दिसतोय."

हे सगळं त्याला पाठ होतं. तो हेच शिकवायचा. पण शिकवणं वेगळं आणि आपल्या करंगळीवर विश्वास ठेवणं वेगळं, हे त्याला त्या वेळी फोन हातात धरून उभं असताना कळलं.

बोट कधी लागलं याचा छडा लावायला त्याच्याकडं एक साधन होतं, आणि ते त्याचं स्वतःचंच होतं. ज्या म्हाताऱ्या सुपरवायझरच्या हाताखाली तो शिकला, त्यांची एक सवय त्यानं उचलली होती. रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी ऑफिसच्या पॅसेजमध्ये मोठ्या पंख्याखाली माइक धरायचा आणि एक मिनिट मोजून ठेवायचं. पंखा रोज तोच, पॅसेज तोच. यंत्र बिघडलं तर तिथं आधी कळेल. सव्वीस वर्षं त्यानं एक दिवस चुकवला नव्हता. पण तो बघायचा फक्त शेवटचा एकूण आकडा, आणि खालच्या सुरांचं वजन त्या आकड्यात नगण्य असतं. पट्टे उघडून बघायचे कष्ट त्यानं कधी घेतले नव्हते.

आता उघडले. त्या रविवारच्या आदल्या शनिवारी पन्नासचा पट्टा एक्कावन्न पॉइंट तीन होता. सोमवारी चव्वेचाळीस पॉइंट नऊ. तिथून पुढं रोज, एक दिवस सोडून नाही, चव्वेचाळीस-पंचेचाळीस. दोनशेहून जास्त सकाळी यंत्र त्याला सांगत होतं आणि तो मिनिटभर उभा राहून, टिक मारून, पुढं निघून जात होता. त्यानं कागदावर वजाबाकी केली. सहा पॉइंट चार. मग ताईच्या घरच्या आकड्यात ती मिळवली. दोन पॉइंट एकनं आत होता तो आवाज चार पॉइंट तीननं बाहेर आला.

तो साहेबांकडं गेला आणि बोट आपलंच लागल्याचं सांगितलं. साहेब चिडले, पण माणूस सरळ होता. "या काळात खालच्या सुरांचे रिपोर्ट किती दिलेत?" त्यांनी विचारलं. चार होते. चारही ठिकाणी नव्यानं मोजायचं ठरलं. लॅबच्या बाईंनी चकती स्पिरिटनं पुसली, नळी दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवली, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. त्याचंही त्याला वाईट वाटलं. काहीतरी कायमचं मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं काहीतरी वेडं त्याच्या मनात येऊन गेलं. तीन रिपोर्ट तसेच राहिले, एक बदलला, माफीचं पत्र गेलं. प्रकरण मिटलं.

ताईच्या घराचा कागदच नव्हता. ते घरचं काम. कुठल्या वहीत नाही, कुठल्या फायलीत नाही. त्याबद्दल त्याला या जगात कुणी काही विचारणार नव्हतं. आणि हा माणूस, आकड्यांचा एवढा पक्का, एकोणीस दिवस गप्प बसला. आता सांगून काय उपयोग, घर तर गेलं. उगाच तिच्या जिवाला घोर. असं तो स्वतःला समजावत राहिला. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

विसाव्या दिवशी तो गेला. भाची कामावर गेली होती. ताईनं दार उघडलं, त्याला पाहून तिचा चेहरा खुलला, आणि तिच्या मागोमाग आत जाताना त्यानं पाहिलं की ती दाराच्या चौकटीला डाव्या खांद्यानं आपटली. ती हसली, खांदा चोळला आणि पुढं गेली.

त्यानं बसल्या बसल्या सगळं सांगितलं. लोण्याचा पाव, तंतू, करंगळी, चकती. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझी लाइन ओली झाली होती."

"हो."

"आणि तो आवाज होता."

"होता, ताई. मर्यादेच्या वर होता. थांबवता आला असता, शीतगृहवाल्यांना पंखा बदलायला लावता आला असता. तू बरोबर होतीस. मी चुकलो."

ती रागावेल अशी त्याची तयारी होती. रडेल अशीही होती. "मी घर विकलं रे," ती एवढंच म्हणाली, जणू ही बातमी त्याला अजून कळायचीच होती. मग उठली. "चहा टाकते."

कप तिनं टेबलावर ठेवला, पण टेबल तिथं नव्हतं. डाव्या कडेच्या चार बोटं बाहेर. कप फुटला, चहा त्याच्या पायावर उडाला. ती पुसायला वाकली तेव्हा त्याला तिच्या डाव्या दंडावरचे डाग दिसले, जुने पिवळे आणि नवे निळे.

"ताई, हे काय? कुठं आपटतेस एवढी?"

"काही नाही. या बाजूनं जरा काळं येतं. धुरकट."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने."

"कुणाला सांगितलंस?"

"काय सांगायचं?" ती फरशी पुसत म्हणाली. "म्हटलं, त्या आवाजासारखंच असेल. तपासलं तर काही निघायचं नाही, आणि पोरगी परत गोळ्या वाढवून आणेल."

आकडे, पट्टे, चकती सगळं पॉइंटरावच्या डोक्यातून पार गेलं. त्याला वाटत होतं त्यानं तिचं घर घालवलं. घर तर त्यातलं कमीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रजा टाकून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं, डोळ्यातला दाब मोजला आणि त्यांचा चेहरा बदलला. दाब वाढलेला होता, बराच काळ. थेंबांनी तो उतरेल, म्हणाले, आणि उरलंय ते टिकेल. गेलंय ते परत येणार नाही.

"आजी, आधी का नाही आलात? सहा महिने आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं."

पॉइंटरावनं मान खाली घातली. आता ती सांगेल, आणि सांगावंच, असं त्याला वाटलं.

"माझंच दुर्लक्ष झालं," ताई म्हणाली.

किती उरलंय हे बघायला तिला शेजारच्या खोलीत नेलं. तिथं एक पांढरं, खोलगट भांड्यासारखं यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवून एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडं बघायचं, आणि आजूबाजूला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणाऱ्या मुलीनं हे दोनदा समजावून सांगितलं. पॉइंटराव भिंतीला टेकून मागं उभा राहिला. खोलीत अंधार केला होता.

बराच वेळ गेला. बटणाचा आवाज फारच थोड्या वेळा आला. मुलगी पडद्यावर बघत होती, मग तिनं यंत्र थांबवलं.

"आजी, तुम्ही दाबतच नाही आहात. उजवा डोळा तर चांगला आहे तुमचा. तिथले दिवे दिसत नाहीत का?"

"दिसल्यासारखे वाटतात."

"मग दाबा ना."

"खरंच असतात की मलाच वाटतात, ते कळत नाही बाई."

"त्याचा विचार तुम्ही करायचा नाही. वाटलं की दाबायचं."

यंत्र पुन्हा सुरू झालं. ताईचा अंगठा बटणावर होता, तो वर झाला, तिथंच थांबला. हनुवटी न हलवता, पाठमोरीच ती म्हणाली, "सोन्या, आहेस का रे?"

"आहे."

"आत्ता लागला का तिथं दिवा? उजवीकडं, वर?"

"तुला दिसला ना, ताई? मग लागला. दाब तू."

"असं नको. तू बघून नक्की सांग, मग दाबते."

तो दोन पावलं पुढं आला, वाकला, तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. दिवे भांड्याच्या आत होते. तिथून त्याला एकही दिसत नव्हता.